काखेत कळसा आणि गावाला वळसा

वाचनपाठ, स्तर ५
विषय: साठवून ठेवलेली किल्ली प्रोग्राममधून कशी वापरायची

वाचण्याआधी

हा पाठ संगणकाचा आहे आणि भाषेचाही. तुमच्यापैकी बरेच जण शाळेत किंवा घरी पायथन शिकतात. काही जण गिट वापरतात. इंग्रजीत हे सगळं तुम्हाला येतंच. आता तेच मराठीत वाचायचं, समजून घ्यायचं आणि स्वतःच्या शब्दांत सांगायचं.

एक सूचना: संगणकावर आज्ञा इंग्रजी अक्षरांतच टाइप करायच्या असतात. इथे त्या देवनागरीत छापल्या आहेत. मोठ्याने वाचा, म्हणजे स्पेलिंग आपोआप आठवेल.

वाचताना दोन प्रश्न मनात ठेवा. किल्ली नेमकी कोणाकडे आहे? आणि ती मागतंय कोण?

१. आधी म्हण समजून घेऊ

पूर्वी घरोघरी नळ नव्हते. बायका नदीवरून किंवा विहिरीवरून पाणी आणायच्या. पाणी आणायचे भांडे म्हणजे कळशी. म्हणीत तिला कळसा म्हटले आहे. एक बाई कळसा काखेत धरून निघते आणि “माझा कळसा कुठे गेला?” असे विचारत सगळ्या गावाला वळसा घालते. वस्तू आपल्याजवळच असते आणि आपण ती भलतीकडेच शोधत राहतो, तेव्हा ही म्हण वापरतात. चष्मा डोक्यावर आणि शोधाशोध घरभर, तसाच हा प्रकार.

प्रोग्राम लिहिणाऱ्यांचेही असेच होते. पासवर्ड संगणकाने आधीच नीट जपून ठेवलेला असतो. तरी आपला प्रोग्राम तो पुन्हा विचारतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे आपण तो प्रोग्राममध्येच लिहून टाकतो. असा वळसा का घालावा लागतो आणि तो कसा टाळायचा, ते या पाठात पाहू.

२. गिटची थोडक्यात ओळख

गिट २००५ साली लिनस टॉरवाल्ड्स यांनी तयार केले. लिनक्सच्या कोडवर जगभरातले पुष्कळ लोक एकाच वेळी काम करत होते. कोणी, कधी, काय बदलले याची नोंद ठेवणारे साधन त्यांना हवे होते. गिट हे काम करते. प्रत्येक बदल नोंदवते आणि जुनी नोंद पुसत नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

ज्या जागी फाइल्स आणि त्यांचा सगळा इतिहास राहतो, तिला रेपो म्हणतात. रेपोची एक प्रत आपल्या संगणकावर असते आणि एक प्रत दूरच्या संगणकावर, म्हणजे गिटहब किंवा गिटलॅबसारख्या ठिकाणी असते. तिकडून नवे बदल आणणे म्हणजे पुल. आपले बदल तिकडे पाठवणे म्हणजे पुश.

समजा, तुमच्या वर्गाने एक छोटा मराठी शब्दकोश बनवायला घेतला आहे. शब्दांची फाइल गिटहबवरच्या एका खाजगी रेपोत आहे. खाजगी म्हणजे फक्त ओळखीच्या लोकांनाच दार उघडते. पहिल्या दिवशी टर्मिनलमध्ये तुम्ही “गिट पुल” असे लिहिता. गिट नाव विचारते, पासवर्ड विचारते. तुम्ही देता. काम होते.

दुसऱ्या दिवशी पुन्हा “गिट पुल” लिहिता. आज गिट काहीच विचारत नाही! सरळ फाइल्स येतात. म्हणजे कोणीतरी कालची किल्ली सांभाळून ठेवली आहे. कोणी?

३. किल्ली सांभाळणारा मदतनीस

गिट स्वतः पासवर्ड साठवत नाही. त्यासाठी ते एक मदतनीस ठेवते. इंग्रजीत त्याला क्रेडेन्शियल हेल्पर म्हणतात. मदतनीस बऱ्याच प्रकारचे असतात. नेहमी भेटणारे असे:

कॅश: हा किल्ली संगणकाच्या मेमरीत ठेवतो, डिस्कवर लिहीत नाही. वेगळे काही सांगितले नाही, तर १५ मिनिटांनी विसरून जातो. किल्ली मुठीत धरून उभ्या असलेल्या माणसासारखा.

स्टोअर: हा किल्ली एका साध्या फाइलमध्ये लिहून ठेवतो. ती फाइल उघडली, की पासवर्ड जसाच्या तसा वाचता येतो. पायपुसण्याखाली किल्ली ठेवावी, तसे हे. सोय आहे, पण जागा सगळ्यांना माहीत आहे.

मॅकवरचा कीचेन, विंडोजवरचा क्रेडेन्शियल मॅनेजर: हे किल्ली कुलूपबंद कपाटात ठेवतात. कपाट संगणकाच्या मालकाच्या लॉगिनने उघडते. लिनक्सवर लिबसीक्रेट नावाचा मदतनीस असेच काम करतो.

आपल्या संगणकावर कोणता मदतनीस आहे, ते बघायची आज्ञा अशी:

गिट कॉन्फिग --गेट-ऑल क्रेडेन्शियल.हेल्पर

उत्तरात “स्टोअर” आले, तर शक्य असेल तिथे तो बदलून कपाटवाला मदतनीस ठेवा.

आणखी एक गोष्ट. आपण सवयीने पासवर्ड म्हणतो, पण गिटहबने १३ ऑगस्ट २०२१ पासून गिटच्या कामासाठी खात्याचा पासवर्ड घेणे बंद केले. त्याऐवजी टोकन द्यावे लागते. टोकन म्हणजे अक्षरे आणि अंक यांची लांबलचक ओळ. पासवर्ड ही सगळ्या घराची किल्ली असेल, तर टोकन ही एका खोलीची किल्ली. ते एकाच रेपोपुरते देता येते. फक्त वाचायची परवानगी देता येते. त्याला मुदत घालता येते. हरवले, तर खात्याचा पासवर्ड न बदलता तेवढेच टोकन रद्द करता येते.

४. प्रोग्राम का अडतो?

आता तुम्ही एक प्रोग्राम लिहिता. रोज सकाळी तो रेपोतून नवे शब्द आणतो आणि “आजचा शब्द” दाखवतो. तुम्ही तो चालवता आणि तो म्हणतो, “ओळख पटली नाही.” अरेच्चा! टर्मिनलमध्ये तर चालत होतं!

असे का होते, हे प्रोग्राम गिटशी कसा बोलतो यावर ठरते. तीन रस्ते आहेत.

पहिला रस्ता: प्रोग्राम गिटची आज्ञाच चालवतो. म्हणजे तुम्ही हाताने जे टाइप केले असते, तेच तो टाइप करतो. पायथनमधली गिटपायथन ही लायब्ररी असेच करते. इथे गिट नेहमीप्रमाणे मदतनिसाकडे जाते आणि किल्ली आणते. तुम्हाला वेगळे काही करायचे नाही.

दुसरा रस्ता: प्रोग्राम अशी लायब्ररी वापरतो, जी गिटची आज्ञा न चालवता सगळे काम स्वतः करते. लिबगिट२ आणि तिच्यावर बांधलेली पायगिट२ या अशा लायब्रऱ्या आहेत. त्या मदतनिसाकडे आपणहून जात नाहीत. “नाव आणि किल्ली तू दे,” असे त्या तुमच्या प्रोग्रामला सांगतात.

तिसरा रस्ता: प्रोग्रामला फाइल्स नको असतात, तर गिटहबकडून एखादी माहिती हवी असते, जसे की शब्दकोशाच्या किती तक्रारी उघड्या आहेत. ही विनंती सरळ वेबवरून जाते. गिट मध्ये येतच नाही, मग त्याचा मदतनीस तरी कसा येणार?

दुसऱ्या आणि तिसऱ्या रस्त्यावर मोह होतो. टोकन कॉपी करायचं, कोडमध्ये एका ओळीत पेस्ट करायचं, झालं काम! थांबा. किल्ली काखेतच आहे. फक्त योग्य माणसाकडे मागायची आहे.

५. छोटे नाटुकले

वर्गात तिघांनी हे नाटुकले वाचा. पात्रे: प्रोग्राम, गिटदादा आणि मदतनीस काका.

प्रोग्राम: गिटदादा, जरा किल्ली हवी होती.

गिटदादा: कुठली? नुसतं “किल्ली” म्हणून कसं चालेल? रस्ता सांग, घर सांग.

प्रोग्राम: रस्ता एचटीटीपीएस. घर गिटहब डॉट कॉम.

गिटदादा: झालं तुझं सांगून?

प्रोग्राम: हो, झालं. (एक रिकामी ओळ सोडतो.)

गिटदादा: काका, गिटहब डॉट कॉमची किल्ली आहे का तुमच्याकडे?

मदतनीस: आहे ना. कालच ठेवली आहे. हे घे नाव आणि हे टोकन.

गिटदादा: धर रे. आणि दार उघडलं की नाही, ते मला येऊन सांग.

(थोड्या वेळाने)

प्रोग्राम: दादा, उघडलं दार!

गिटदादा: छान. काका, किल्ली बरोबर आहे, ठेवून द्या.

(तीन महिन्यांनी)

प्रोग्राम: दादा, आज दार उघडत नाही. आतून सांगतात, ही किल्ली चालत नाही.

गिटदादा: मुदत संपली असेल. काका, ही टाकून द्या. आता घरच्या माणसाकडेच नवी मागायला हवी.

६. नाटुकल्यातून प्रोग्रामकडे

नाटुकल्यात जे घडले, तेच गिटच्या तीन आज्ञा करतात.

गिट क्रेडेन्शियल फिल: किल्ली मागणे.
गिट क्रेडेन्शियल अप्रूव्ह: किल्ली चालली, असे कळवणे.
गिट क्रेडेन्शियल रिजेक्ट: किल्ली चालली नाही, असे कळवणे.

पहिल्या आज्ञेला आपण या ओळी देतो:

प्रोटोकॉल=एचटीटीपीएस
होस्ट=गिटहब.कॉम

यानंतर एक रिकामी ओळ. रिकामी ओळ म्हणजे “माझे बोलणे संपले.” गिट त्याच दोन ओळी परत देते आणि त्यांच्याखाली आणखी दोन जोडते:

युजरनेम=…
पासवर्ड=…

पासवर्ड लिहिलेल्या ओळीत टोकन असते. पायथनमध्ये सबप्रोसेस या मॉड्यूलने ही आज्ञा चालवायची आणि उत्तर वाचायचे. उत्तर वाचताना आणि वापरताना पुढच्या गोष्टी सांभाळा.

एक: प्रत्येक ओळ पहिल्या “=” चिन्हावरच तोडा. पासवर्डमध्येही तेच चिन्ह असू शकते. सगळीकडे तोडलेत, तर अर्धीच किल्ली हाती येईल आणि कारण शोधता शोधता संध्याकाळ होईल.

दोन: किल्ली कुठेही छापू नका. “बघू तरी काय आलंय” म्हणून प्रिंट लिहिले जाते आणि तसेच राहून जाते. मग किल्ली लॉगच्या फाइलमध्ये जाऊन बसते.

तीन: किल्ली रेपोच्या पत्त्यात घालू नका. तसे केले, तर ती रेपोच्या कॉन्फिग फाइलमध्ये साध्या अक्षरांत राहते. आज्ञेच्या ओळीतही लिहू नका. चालू असलेल्या आज्ञा त्याच संगणकावरच्या दुसऱ्या लोकांना दिसू शकतात.

चार: काम झाल्यावर निरोप द्या. दार उघडले, तर अप्रूव्ह. समोरच्याने “ओळख पटली नाही” असे सांगितले, तर रिजेक्ट. निरोप देताना नाव आणि टोकन यांच्या ओळीही परत पाठवायच्या. रिजेक्ट केले नाही, तर मदतनीस तीच मेलेली किल्ली रोज प्रेमाने देत राहील. पण नेट बंद आहे म्हणून काम झाले नसेल, तर रिजेक्ट करू नका. रस्ता बंद होता, त्यात किल्लीचा काय दोष?

पाच: मदतनिसाकडे किल्ली नसेल, तर गिट माणसाला विचारते आणि उत्तराची वाट बघत बसते. पहाटे आपोआप चालणाऱ्या प्रोग्रामसमोर माणूस कुठला? म्हणून गिट_टर्मिनल_प्रॉम्प्ट या व्हेरिएबलची किंमत ० ठेवा. मग गिट वाट बघत न बसता “किल्ली नाही” असे सांगून थांबते. काही मदतनीस टर्मिनलऐवजी स्वतःची खिडकी उघडतात. त्यांना ही सूचना वेगळी द्यावी लागते.

सहा: घरचे आणि शाळेचे अशी गिटहबवर दोन खाती असतील, तर “युजरनेम=” ही ओळ तुम्हीच आधी भरून द्या. मदतनीस एरवी फक्त घर बघतो. त्या घरात तुम्ही कोण, हे तुम्हालाच सांगावे लागते.

रेपोचा पत्ता एचटीटीपीएसने सुरू होत नसेल आणि एसएसएचचा असेल, तर हा मदतनीस उपयोगाचा नाही. तिथे एसएसएचची स्वतःची किल्ली असते आणि ती एसएसएच-एजंट सांभाळतो. कल्पना तीच: किल्ली प्रोग्राममध्ये नाही, सांभाळणाऱ्याकडे.

७. एवढी काळजी कशासाठी?

तुम्ही म्हणाल, “रेपो खाजगी आहे, मग कोडमध्ये टोकन लिहिलं तर काय बिघडलं?”

२०१६ साली हल्लेखोर उबर कंपनीच्या अभियंत्यांच्या गिटहबवरच्या एका खाजगी रेपोत शिरले. तिथल्या कोडमध्ये ॲमेझॉनच्या क्लाउडची किल्ली साध्या अक्षरांत लिहिलेली होती. ती किल्ली घेऊन ते कंपनीच्या साठ्यापर्यंत पोचले. जगभरातल्या सुमारे ५ कोटी ७० लाख प्रवाशांची आणि चालकांची माहिती त्यांच्या हाती लागली. कंपनीने ही गोष्ट नोव्हेंबर २०१७ मध्ये जाहीर केली. टॅक्सी बोलावणाऱ्या कोणाचाही यात काही दोष नव्हता. किल्ली दुसऱ्यांनी उघड्यावर ठेवली आणि नुकसान यांचे झाले.

म्हणून खाजगी रेपो म्हणजे तिजोरी नव्हे. तिथे जाणारी माणसे बदलतात. कोणाचा लॅपटॉप हरवतो. आज खाजगी असलेला रेपो उद्या सार्वजनिक होतो.

आणि आता मघाचा मुद्दा आठवा: गिट जुनी नोंद पुसत नाही. सोमवारी तुम्ही टोकन कोडमध्ये लिहून पुश केले आणि मंगळवारी ती ओळ काढली, तरी सोमवारची नोंद तशीच राहते. इतिहास उघडणाऱ्याला ती दिसते.

मराठीत एक म्हण आहे, “बैल गेला आणि झोपा केला.” इथे झोपा म्हणजे झोप नव्हे बरं का! झोपा म्हणजे गोठ्याचे दार. बैल निघून गेल्यावर दार करून काय उपयोग? टोकन बाहेर गेल्यावर नुसती ओळ पुसणे म्हणजे तेच. पण टोकनच्या बाबतीत बैलाहून आपली गत बरी आहे. गिटहबच्या सेटिंगमध्ये जाऊन ते टोकन आधी रद्द करायचे. मग नवे बनवायचे. ओळ पुसायचे काम त्यानंतर. क्रम उलटा करू नका. पुसत बसाल तेवढा वेळ जुनी किल्ली चालूच राहील.

८. किल्ली मागणारा कोण?

आता सुरुवातीच्या दोन प्रश्नांतला दुसरा प्रश्न घेऊ. तुमचा प्रोग्राम मदतनिसाकडे किल्ली मागू शकतो. मग दुसरा एखादा प्रोग्राम?

तोही मागू शकतो. तुमच्या लॉगिनने चालणारा कोणताही प्रोग्राम “गिट क्रेडेन्शियल फिल” म्हणू शकतो. काही मदतनीस “देऊ का?” असे मालकाला विचारतात, पण सगळे विचारत नाहीत. म्हणजे नेटवरून उतरवलेली एखादी स्क्रिप्ट न वाचता चालवणे, हे अनोळखी माणसाला घरात बसवून आपण बाजारात जाण्यासारखे आहे. कपाटाला कुलूप आहे खरे, पण कपाट उघडून देणारे काका घरातच आहेत!

त्यातून तीन सवयी लावून घ्या.

टोकन लहानात लहान ठेवा. “आजचा शब्द” दाखवणाऱ्या प्रोग्रामला फक्त वाचायचे आहे. त्याला लिहायची परवानगी कशाला? चुकून टोकन गेले, तरी तुमच्या वर्गाने वर्षभर जमवलेले शब्द कोणी खोडू शकणार नाही.

आपली किल्ली आपल्याच संगणकापुरती ठेवा. प्रोग्राम शाळेच्या सर्व्हरवर चालणार असेल, तर तिथे तुमची स्वतःची किल्ली नेऊ नका. त्या कामासाठी वेगळे टोकन बनवा. गिटहब ॲक्शन्समध्ये तर प्रत्येक कामाला आपोआप तात्पुरते टोकन मिळते आणि काम संपले की ते निरुपयोगी होते. तुम्ही उद्या शाळा सोडलीत, तर तुमचे टोकन बंद होईल. पण शब्दकोश बंद पडता कामा नये.

प्रोग्राम दुसऱ्याला देताना निश्चिंतपणे देता आला पाहिजे. हीच खरी परीक्षा आहे. कोडमध्ये किल्ली नसेल, तर तोच प्रोग्राम मैत्रिणीच्या संगणकावर तिच्या मदतनिसाकडे तिची किल्ली मागेल. एक अक्षरही बदलावे लागणार नाही. प्रोग्राम सगळ्यांचा, किल्ली ज्याची त्याची.

भाषेकडे लक्ष: विचारणे आणि मागणे

इंग्रजीत एकच क्रियापद दोन्ही ठिकाणी चालते. मराठीत दोन आहेत, आणि इथे राहणाऱ्या मुलांची गफलत नेमकी इथेच होते.

माहिती हवी असेल, तर विचारतात. वस्तू हवी असेल, तर मागतात.

गिट मला नाव विचारते. (कोणाला? मला.)
प्रोग्राम मदतनिसाकडे किल्ली मागतो. (कोणाकडे? मदतनिसाकडे.)

“मी आजीला लाडू विचारला” असे म्हटले, तर आजी हसेल. “मी आजीकडे लाडू मागितला,” असे म्हणा, म्हणजे लाडू मिळेल.

शब्दार्थ

किल्ली (स्त्रीलिंग): कुलूप उघडायचे साधन. चावी हाही शब्द चालतो.
काख (स्त्रीलिंग): खांद्याखालची, हात आणि अंग यांमधली जागा.
वळसा (पुल्लिंग): फेरा. सरळ न जाता लांबून फिरून जाणे.
मदतनीस (पुल्लिंग): मदत करणारा. “मदतनीस” पण “मदतनिसाकडे”, दीर्घ नी ऱ्हस्व होते.
मुदत (स्त्रीलिंग): ठरवून दिलेला काळ.
रद्द करणे: यापुढे चालणार नाही असे ठरवणे.
गोठा (पुल्लिंग): गाई-बैल बांधायची जागा.
गफलत (स्त्रीलिंग): नकळत झालेला घोटाळा.
निश्चिंतपणे: काही काळजी न करता.

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
अ) गिट कोणी आणि कोणत्या साली तयार केले?
आ) कॅश हा मदतनीस साधारण किती वेळाने किल्ली विसरतो?
इ) गिटला दिलेल्या ओळींनंतरची रिकामी ओळ काय सांगते?
ई) टोकन बाहेर गेले, तर सर्वांत आधी काय करावे?

प्र. २. चूक की बरोबर, ते कारणासह सांगा.
अ) नेट बंद असल्यामुळे पुल झाले नाही, म्हणून प्रोग्रामने रिजेक्ट केले पाहिजे.
आ) कोडमधली टोकनची ओळ काढून पुन्हा पुश केले, की टोकन सुरक्षित होते.
इ) गिटपायथन वापरताना मदतनिसाकडे वेगळे जावे लागत नाही.

प्र. ३. “विचार” किंवा “माग” यांचे योग्य रूप भरा.
अ) मी काकांकडे पेन ______.
आ) बाईंनी मला माझे नाव ______.
इ) प्रोग्राम गिटकडे टोकन ______.

प्र. ४. आठ ते दहा ओळी लिहा.
तुमच्या मित्राने कोडमध्ये टोकन लिहिले आहे. तो म्हणतो, “अरे, आपल्या दोघांशिवाय कोण बघतंय?” त्याला न दुखावता समजावून सांगा. पाठातली निदान एक म्हण वापरा.

उपक्रम: आईबाबांना किंवा संगणक ज्यांचा आहे त्यांना विचारून कोणता मदतनीस नेमला आहे ते बघा. टोकन किंवा पासवर्ड वर्गात आणू नका, फक्त मदतनिसाचे नाव आणा. मग घरातल्या मोठ्यांना विचारा, लहानपणी त्यांच्या घराची किल्ली कोणाकडे असायची? शेजारच्या काकूंकडे, आजीच्या कमरेला, की दारावरच्या कोनाड्यात? जे ऐकाल ते पाच वाक्यांत लिहा आणि पुढच्या तासाला वाचून दाखवा.

उत्तरे ताडून पाहा

प्र. १. अ) लिनस टॉरवाल्ड्स यांनी, २००५ साली. आ) १५ मिनिटांनी. इ) बोलणे संपले. ई) टोकन रद्द करावे.
प्र. २. अ) चूक. दोष नेटचा आहे, किल्लीचा नाही. आ) चूक. जुनी नोंद इतिहासात राहते. इ) बरोबर. ती गिटचीच आज्ञा चालवते.
प्र. ३. अ) मागितले आ) विचारले इ) मागतो